चौथं जाकीट

सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात आम्ही चार मित्र बहारीनहून ऑस्ट्रियाला, बर्फात स्नोबोर्डवर घसरायला जाणार होतो. ऐन वेळी आमच्यातला धनंजय म्हणाला, "करंदीकरसाहेबांनी तुझी रजा कॅन्सल केली, खलास. शिफ्ट कुणीतरी सांभाळायला हवीच." माझं नवंकोरं लाल जाकीटही त्याने मागितलं. मी गाढवासारखं दिलंही.

ते परतल्यावर बहारीनच्या अदलिया भागातल्या त्याच्या फ्लॅटवर त्याने अल्बम पुढे केला. बर्फात तिघं आपटलेत. मग डिस्को. तिथे माझं जाकीट घालून एका गोरीच्या गळ्यात पडलेले करंदीकरसाहेब. तेवढा फोटो अल्बममधून काढून ठेवायला धनंजय विसरला होता.

"दे इकडे," तो म्हणाला.

मी फोटो खिशात घातला. "करंदीकरवहिनींना देतो. साहेब दुबईच्या मीटिंगहून फार थकून आलेत, असं त्या सांगत होत्या."