मेणाच्या ठोकळ्याचे शेवटचे काप

मी एक जुना मेणाचा ठोकळा आहे, मित्रांनो. मेणबत्तीचा भाऊबंद; पण मला कुणी पेटवत नाही. माझ्या पोटात एका बसचालकाच्या मूत्रपिंडातल्या कर्करोगाच्या गाठीचा तुकडा होता.

शस्त्रक्रियेनंतर प्रयोगशाळेतल्या ताईंनी तो तुकडा वितळलेल्या मेणात बसवला आणि माझा जन्म झाला. यंत्राच्या पात्यावर माझे काप निघत, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. गाठीचा स्वभाव कळावा म्हणून त्यांतल्या एका कापावर एक प्रथिन रंगवून पाहिले. "गाठ फार आक्रमक दिसत नाही," असे तेव्हाचे डॉक्टर म्हणाले. माझे भारी कौतुक झाले.

पुढे कुणीही यावे आणि शिकवायला, दाखवायला एखादा काप मागावा. दर वेळी मला यंत्रावर नव्याने बसवायचे आणि तोंड सपाट करण्यासाठी वरचे थर तासून फेकायचे. कामी येण्यापेक्षा मी केरातच जास्त गेलो. मग खणात पडून राहिलो. त्याचे मला अजून वाईट वाटते.

काही वर्षांनी चालकाने तपासणीच सोडायचे ठरवले. "बरा आहे मी. कशाला उगाच खेटे घालायचे?"

"बाबा, बस धडधाकट दिसली तरी तुम्ही ब्रेक तपासताच ना?" असे म्हणून लेकीने त्याला नव्या डॉक्टरबाईंकडे ओढत आणले. बाईंनीच हे ताईंना सांगितले, म्हणून मला कळले.

मग बाई ताईंना म्हणाल्या, "आजार परतेल का, हे एका प्रथिनावरून मी काय सांगू? त्यासाठी तीन प्रथिने एकत्र पाहायला हवीत. पुरेल का हा?"

ताईंनी मला उजेडाकडे धरले. "जेमतेम. एकदाच बसवते आणि सगळे काप सलग घेते. फाटले तर मात्र संपलं."

मला बर्फावर गार केले. पाते फिरले. मी जीव मुठीत धरून होतो. एकही काप फाटला नाही.

पहिले प्रथिन पूर्वीसारखेच गोड बोलले. पण तिघांची साक्ष जुळवली तेव्हा आजार परतण्याचा धोका बराच निघाला. अंदाज तो अंदाजच. पण त्यामुळे तपासणी सुटली नाही. पुढच्याच खेपेला चालकाच्या फुप्फुसात त्याच कर्करोगाचा बारीक डाग सापडला आणि उपचार सुरू झाले. लेक खूप रडली. मग म्हणाली, "निदान वेळेवर कळलं." तो बरा होईल का, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, आता माझ्यात नुसते मेण उरले आहे. पण शेजारचे ठोकळे अजून भरलेले आहेत. त्यांना उन्हात ठेवू नका, उगाच तासू नका. त्यांतला एखादा तुकडा ज्याचा, तो बाप आत्ता दवाखान्याच्या बाकावर बसला असेल आणि लेकीला सांगत असेल, "बरा आहे मी. चल घरी."