वाटणीतला प्रिंटर

आमच्या घरात कॉम्प्युटर आला आणि माझ्या सासऱ्यांनी त्याची वाटणी केली.

आप्पांचं सगळं आयुष्य मोजणी खात्यात गेलं. जत-आटपाडीकडच्या माळांवर साखळी ओढत त्यांनी भावाभावांत बांध घातले, आणि निवृत्त झाले तरी त्यांचे हात शिवशिवायचे. दिवाळीचा चिवडासुद्धा ते दोन सुनांच्या डब्यांत वाटीवाटीने मोजून टाकत. तेव्हा नव्व्याण्णव साली घरात कॉम्प्युटर आणि प्रिंटर अशा दोन वस्तू आल्यावर वेगळं काय होणार? कॉम्प्युटर गेला धाकट्या सुनेच्या, सईच्या खोलीत. प्रिंटर आला थोरल्या सुनेच्या, म्हणजे माझ्या.

"एक यंत्र तिला, एक तुला. आता कुणाची तक्रार नको," आप्पा म्हणाले.

माझी होती ना! सांगलीत आमच्या गल्लीला मी 'टायपिंगवाल्या शरयूवहिनी' म्हणून ठाऊक होते. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नाच्या मुलींची माहिती, सगळं माझ्या मराठी टाइपरायटरवर व्हायचं. सई साताऱ्याहून लग्न होऊन आली ती कॉम्प्युटरचा कोर्स करूनच, आणि वर्षाच्या आत माझा टाइपरायटर माळ्यावर गेला. आता टाइप करणार ती, आणि मी काय करणार? कागद भरणार. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आमचं घर लांबट. रस्त्याकडे माझी खोली, मध्ये स्वयंपाकघर, परसाकडे सईची खोली. माझ्या दिरांनी, वरदभावजींनी, दोन केबली जोडून एक लांबलचक केबल आणली. आप्पांनी हौसेने टेप धरला, झरोक्यांतून केबल ओवली, जागोजागी खिळे मारले. आणि सईच्या पडद्यावर आलं की प्रिंटर सापडत नाही. खोटं कशाला सांगू, मला उकळ्या फुटल्या.

मेकॅनिक आला, त्याने केबल हातात धरून वर-खाली पाहिलं आणि मान हलवली.

"ही यूएसबी केबल पाच मीटरच्या पुढं चालत न्हाई, आप्पा. लांब न्यायची तर मध्ये हब लावायचा, म्हणजे जोडाची डबी, आन् तिला वीज द्यायची. न्हाईतर सरळ दोन्ही मशीन एका टेबलावर ठेवा की."

बांधावरचा दगड उपटायला सांगितल्यासारखं आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. "वाटणी झालीय. डबी लाव."

डबी लागली स्वयंपाकघरात, मिक्सरच्या प्लगवर. ओट्याजवळ तेवढाच एक प्लग होता. मिक्सर लावायचा तर डबी काढायची, असं सासूबाईंना समजावून सांगितलं, आणि नेमकं तेवढंच त्यांच्या लक्षात राहिलं.

काम सुरू झालं. दुपारी परसाकडून की-बोर्डचा टकटकाट येई आणि मी आडवी पडून कूस बदलत राही. ती बोटं माझी असायला हवी होती. थोड्या वेळाने माझ्या उशाशी प्रिंटर कुरकुरे आणि कागद बाहेर येई. मी तो उजेडात धरून चुका शोधायची. एखादी सापडली की जेवण गोड लागे. बहुतेक वेळा सापडायची नाही, आणि त्याचाच जास्त राग यायचा.

अशात जतकडचे बिराप्पा लेकीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन आले. तो नीट मांडून छापून घ्यायचा, मग छापखान्यात द्यायचा आणि एसटी गाठायची, अशी त्यांची घाई. सईने वर बिरोबाचं नाव, भोवती वेलबुट्टी, मामा-आत्यांची रांग असं सगळं सुबक बसवलं. माझ्याकडे कागद सरकू लागला. नवरीचं नाव आलं, नवऱ्याच्या नावापाशी प्रिंटर थांबला. स्वयंपाकघरातून मिक्सरची घरघर ऐकू येत होती.

पुढून मी धावले, मागून सई. दोघींचे हात एकाच प्लगवर पडले.

"चटणी वाटायची नाही का मग?" सासूबाई म्हणाल्या.

प्लग बदलला, सगळं पहिल्यापासून सुरू केलं आणि पत्रिका अखंड आली. बिराप्पांनी ती दोन्ही हातांत धरली. त्यांचे डोळे भरून आले.

"वयनी, लय झ्याक केलंसा! गावात सांगतो, पत्रिका करायची तर सांगलीच्या थोरल्या वयनीकडंच जावा."

"असू दे, असू दे," मी म्हणाले. सगळं कौतुक घेतलं, सईचं नावही काढलं नाही.

ते गेले. मी वळले तर दारात सई उभी. चेहरा लालबुंद.

"वहिनी, मागे बसून बडवायचं मी, आणि नाव तुमचं! गिऱ्हाईक तुमच्या दारात, कागद तुमच्या हातून. सगळ्यांना वाटतं, तुम्हीच करता. पहिल्या दिवसापासून मला तो प्रिंटर हवा होता. आप्पांना सांगायला जीभ रेटली नाही."

ही माझ्यावर जळत होती? कागद भरणारीवर?

"आणि मला काय हवं होतं, माहितीये? तुझा की-बोर्ड," मी म्हणाले.

एकत्र तर ठेवायला हवं होतं, पण ती माझ्या खोलीत यायला तयार नाही आणि मी तिच्या. शेवटी दोघींनी दोन्ही यंत्रं उचलून स्वयंपाकघरातल्या टेबलावर नेली आणि आखूड केबल लावली. प्रिंटर पहिल्या झटक्यात चालला. मिक्सरसाठी ओट्यावर नवा प्लग बसवून घेतला. आप्पांनी टेप आणून टेबल दोन्ही खोल्यांपासून सारखंच लांब आहे याची खात्री केली, मग त्यांनाही जेवण गेलं. सकाळी मी टाइप करायचं, दुपारी सईने, हेही त्यांनीच ठरवलं. किती दिवसांनी माझ्या बोटांखाली अक्षरं उमटली! मला शांत झोप लागायला लागली.

लग्न पार पडल्यावर बिराप्पा पेढे घेऊन आले. आता गिऱ्हाईक थेट स्वयंपाकघरात येई. दार सासूबाई उघडत, चहा त्या देत, आणि प्रिंटरमधून आलेला कागद पदराने पुसल्यासारखा करून त्याच हातात ठेवत. मी की-बोर्डवर होते, सई शेजारी कागद लावत होती. बिराप्पांनी पेढ्यांचा पुडा सासूबाईंच्या हातात दिला आणि वाकून नमस्कार केला.

"आज्जी, पत्रिका लय गाजली बगा. हितं आल्यावर कळलं, ह्या सगळ्या कारभाराची मालकीण तुमी हाय म्हून."

"असू दे, असू दे," सासूबाई म्हणाल्या. अगदी माझ्यासारख्याच.

माझी बोटं थांबली. सईच्या हातातला कागद तसाच राहिला. मग ती माझ्या कानाशी वाकली.

"वहिनी, ती लांब केबल कुठे ठेवलीय?"

"माळ्यावर, टाइपरायटरशेजारी," मी म्हणाले. "शिडी धर."