हिरवा दिवा लागला की

सोलापुरात घरोघरी मोबाईलवर चालणारे दिवे बसवून देणं हा बसूचा धंदा. लोकांकडे ते शोभेला लागतात, बसूच्या घरी मात्र ते कामाचे होते. त्याची आई चंद्रव्वा, तिला ऐकू येत नाही. वीस वर्षं तिनं यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या. त्या खडखडाटात तिचे कान गेले आणि बसूचं शिक्षण झालं. एकदा बसू किल्ली विसरला आणि भर उन्हात दोन तास दार बडवत उभा राहिला. ही आत निवांत भाकऱ्या थापत होती. त्यानंतर त्यानं सगळ्या खोल्यांतले दिवे बेलला जोडले. बेल वाजली की घरभर लाल उघडझाप. स्वयंपाकघरात हिरवा लागला की समजायचं, बसू बोलावतोय. चंद्रव्वा शेजारणींना हाताला धरून आणायची, बेल दाबायला लावायची आणि "माझ्या बसूनं केलंय" म्हणून गल्लीला ऐकू जाईल असं सांगायची. तिला आपला आवाज कुठं ऐकू येतो!

त्या रविवारी दुधनीहून मुलीकडचे घर बघायला येणार होते. दानेश्वरी बसूला आवडली होती, तिचाही होकार होता. आता घर बघायचं आणि सुपारी फोडायची, एवढंच राहिलं होतं. आईचं त्यानं त्यांना सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नाही की, अशी तो मनाची समजूत घालायचा. मायलेकांचं ठरलं होतं: पाहुणे टेकले की त्यानं हिरवा दिवा लावायचा, मग तिनं शेंगापोळ्या आणि चहा घेऊन बाहेर यायचं. इरकल नेसून ती सकाळपासून तयार होती.

बेल वाजली आणि घरभर लाल दिवे नाचायला लागले. मुलीचे मामा सिद्धलिंगप्पा उंबऱ्यातच थबकले.

"काय हो जावईबापू, घरात पोलिसांची गाडी घुसलीय काय?"

सगळे हसले. मामा मनाचे वाईट नव्हते, पण बसूची कानशिलं तापली.

"वायरिंगमधी जरा बिघाड हाय," तो म्हणाला. दिव्यांवर पोट भरणाऱ्यानं असं सांगावं! मोबाईल काढून त्यानं घरातले सगळे इशारे बंद केले आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"तुमची आई दिसंना कुटं?" मामींनी विचारलं.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण बसूच्या तोंडून निघालं, "मैंदर्गीला गेलीय. मावशीला बरं न्हाई." एरवी गिऱ्हाइकापुढे ज्याची बोबडी वळते, त्याला ऐनवेळी एवढं सुचलं कसं, देव जाणे. हॉलमधल्या फ्रीजमधून त्यानं थंड काढलं, पाच ग्लास भरले. पाहुणे पीत होते, तेवढ्यात आत ताट वाजलं.

"आत कोण हाय?" मामा म्हणाले.

"मांजर," बसू म्हणाला.

आई परतली की सुपारी फोडू, असं म्हणून पाहुणे गेले. घर त्यांना पसंत होतं. बसूनं त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवलं आणि परत येऊन स्वयंपाकघराचं दार उघडलं. चंद्रव्वा स्टुलावर बसून दिव्याकडे बघत होती. शेंगापोळ्यांवर फडकं झाकलेलं होतं. चहा तीनदा उकळून काळा झाला होता.

"गेले?"

बसूनं मान हलवली.

"बलब बिघडला व्हय रं?"

बसूनं पुन्हा मान हलवली. इतकं सोपं होतं ते.

ती हॉलमध्ये आली. टेबलावरचे उष्टे ग्लास तिनं बघितले, मग लेकाचं तोंड बघितलं. तिला काही सांगावं लागलं नाही.

"मी कुटं गेलीय म्हणालास?"

"मैंदर्गीला," बसूनं नुसते ओठ हलवले.

तिनं रागवावं, थोबाडीत द्यावी, असं त्याला फार वाटलं. ती आत गेली आणि पिशवीत लुगडी भरायला लागली. "मग जाऊन येते की बहिणीकडं. दुधनी काय लांब हाय तितनं? उद्या कुणी इचारलं तर तू खोटा पडाय नको." बसूला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. एवढी लाज त्याला मघाशी दारात, मामा हसले तेव्हाही वाटली नव्हती.

त्यानं मामांना फोन लावला.

"मामा, वायरिंग चांगलं हाय. आमच्या अव्वाला ऐकू येत न्हाई, दिवे तिच्यासाठी हायत. मैंदर्गीला गेलीय म्हणालो ते खोटं. मला तिची लाज वाटली. आत मांजर नव्हतं, मामा. अव्वा होती."

"घरी बोलून सांगतो," म्हणून मामांनी फोन ठेवला.

बसूनं मान वर केली. समोरच दारात पिशवी घेऊन चंद्रव्वा उभी होती. ती कधीपासून तिथं होती आणि त्याच्या ओठांवरून तिनं किती वाचलं, हे त्याला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. गल्लीला ऐकू जाईल असं बोलणारी ती बाई, पण आत्ता तिच्या तोंडून आवाजच निघत नव्हता.

"मांजर म्हणालास मला?" हे बसूला तिच्या ओठांवरून वाचावं लागलं.