दारातली भाषा

शरीर स्वतःच्याच पेशींना परकं समजून त्यांच्यावर तुटून का पडतं, या एका प्रश्नापायी डॉ. आभा देवस्थळीची बावीस वर्षं गेली होती. रुग्णांच्या रक्ताशी ताडून बघायला निरोगी रक्त लागे, तेव्हा ती स्वतःचंच काढून देई. त्यातली अगदी पहिली कुपी अजून फ्रीजरमध्ये होती.

आज तिनं सहज म्हणून त्या कुपीतला जुना रक्तद्रव स्वतःच्या ताज्या पेशींवर सोडला. पेशी पटापट मेल्या. लेबल तपासून तिनं तोच प्रयोग आणखी दोनदा केला. विद्यार्थ्यांच्या पेशींना मात्र त्या रक्तद्रवानं धक्काही लावला नाही. कुपीच खराब झाली असेल, असं म्हणून तिनं ते हसण्यावारी नेलं.

संध्याकाळी कोलकात्यातल्या खिदिरपूरला घरी पोचल्यावर पर्समध्ये किल्ली सापडेना, म्हणून तिनं बेल वाजवली. आई ऐंशीची, पण स्मरणशक्ती लख्ख. घरच्यांशी ती फक्त मराठी बोले. ‘काके चाई’, म्हणजे कोण हवंय, हे बंगाली दारावर आलेल्या अनोळखी माणसांसाठी राखून ठेवलेलं.

आईनं दार उघडलं, आभाला नीट न्याहाळलं, पदर सावरला आणि अदबीनं विचारलं,

“काके चाई?”