एकदाच विचारतात

माणसाला परकी भाषा आली की अर्धं जग त्याच्या मुठीत येतं, असं सखीदाद काका डँडेनाँगच्या बाजारात चारचौघांना ऐकवत असत. त्यांना स्वतःला तेव्हा मोजकेच इंग्रजी शब्द येत. त्यातले बहुतेक भाज्यांचे, आणि एक शिवी, जी ते बसच्या ड्रायव्हरला रोज सकाळी मोठ्या आदराने देत.

अफगाणिस्तानातून या इंग्रजी मुलखात आल्यावर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं मेंढ्यांच्या कत्तलखान्यात घालवली. तिथे भाषेवाचून कुणाचंच अडलं नाही. मेंढ्यांचं तर नाहीच.

अडलं ते बायको, शिरीनगुल, शेवटच्या दुखण्याने दवाखान्यात दाखल झाली तेव्हा. डॉक्टर खाटेशी उभा राहून बराच वेळ हात हलवून बोलायचा, आणि मुलगी लैलुमा त्याचं भाषांतर करायची, "बरं आहे म्हणतायत."

"एवढंच? मधे दोनदा चष्मा काढला त्याने."

"पुसायला, बाबा."

शिरीनगुलला भाषांतर लागत नव्हतं. ती म्हणाली, "हे बघा, इथल्या पोरी मायेच्या आहेत. पण मी पाणी मागितलं की उशी आणून देतात. शेवटी मला यांच्यात एकटीला टाकू नका. आपलं बोलणारं कुणीतरी कानाशी असू दे."

"मी असेन."

"तुम्ही? तुम्हाला बसायला खुर्ची मागता येत नाही!"

हे वर्मी लागलं. दुसऱ्याच दिवशी काका वाचनालयातल्या इंग्रजीच्या वर्गात जाऊन बसले.

वर्ग नोरीनबाई घ्यायच्या. बाईंचा भर पुस्तकापेक्षा नाटकावर. आज हा डॉक्टर, तो पेशंट, उद्या उलट. वर्गातला कंबर नावाचा शिंपी पेशंट झाला की इतकं मन लावून कण्हायचा, की पलीकडे पेपर वाचणाऱ्या आजीबाईंनी एकदा खरीच अँब्युलन्स बोलावली.

पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी बिस्किटांचा डबा फिरवला. "घेणार?"

"नो, थँक यू," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

म्हणणारच. अफगाणी रीतीत पहिल्या विचारण्याला हो म्हणतो तो हावरा. दुसऱ्यालाही मान हलवायची असते, आणि तिसऱ्याला, आता तुमचं मन कसं मोडू, अशा चेहऱ्याने हात पुढे करायचा असतो. बाई मात्र "वा, काय स्वच्छ उच्चार!" म्हणाल्या आणि त्यांनी डब्याला झाकण लावलं.

"काका, झाकण लावलं हो," कंबर कुजबुजला.

"दम धर. विचारतील परत."

"झाकण लावून?"

"चॉकलेटची दिसली म्हणून लाज सोडू नकोस."

डबा कपाटात गेला. पुढच्या वेळी बाईंनी बिस्किटं आणलीच नाहीत. या लोकांत मधुमेह फार, अशी त्यांनी समजूत करून घेतली.

थंडी पडेपर्यंत काकांनी मागायचं सगळं पाठ केलं. खुर्ची मिळेल का, पाणी मिळेल का, मी तिच्याजवळ थांबू का. आरशासमोर, बसस्टॉपवर, आंघोळ करताना. न मागता कुणी दिलं तर काय करायचं, हे मात्र बाईंच्या एकाही नाटकात नव्हतं.

त्या संध्याकाळी लैलुमा मुलांसाठी घरी गेली होती. नर्स एक घडीची खुर्ची आणि वर ब्लँकेट घेऊन दारात आली. "आज रात्री इथेच राहायचंय का तुम्हाला?"

काकांना शब्द न् शब्द कळला. आनंदाने त्यांचे कान तापले. त्यांनी छातीवर हात ठेवला, किंचित झुकले, आणि स्वच्छ उच्चारात म्हणाले, "नो, थँक यू."

"बरं, काही हरकत नाही," म्हणत नर्स खुर्ची घेऊन पुढच्या खोलीत गेली.

काका निर्धास्त बसले. बिस्किटाचं निराळं, त्यासाठी कोण पुन्हा विचारतो? इथे माणूस जातंय. विचारतीलच.

नर्स आली. तिने दिवा मंद केला आणि भेटीची वेळ संपली, असं हसून सांगितलं. तेही शब्द न् शब्द कळलं. आधी नको म्हणून आता कुठल्या तोंडाने मागायचं? आरशासमोरची सगळी वाक्यं तशीच बरोबर घेऊन काका उठले.

"काय म्हणते ती?" शिरीनगुलने विचारलं.

"सकाळी लवकर या म्हणते."

"मग या लवकर."

सकाळ व्हायच्या आत फोन आला. दवाखान्यात तीच नर्स लैलुमाचे हात धरून म्हणाली, "शेवटी खूप बोलत होत्या. आम्हाला काही कळलं नाही, पण ऐकायला फार गोड वाटत होतं."

लैलुमाने वडिलांना भाषांतर करून सांगितलं, "शांत गेली म्हणतायत."

काकांनी मान हलवली. त्यांना भाषांतर लागलं नव्हतं.

फातेह्याच्या, म्हणजे गेलेल्या माणसासाठी दुआ मागायच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. नोरीनबाई पालकाच्या लझान्याचं मोठं भांडं दोन्ही हातांत धरून आल्या. काकांनी त्यांना शेजारी बसवलं आणि झालेलं सगळं सांगितलं. सावकाश, इंग्रजीत, एकदाही न अडखळता.

"पण तुम्ही नको का म्हणालात?"

"तुमची माणसं परत का विचारत नाहीत?"

"नको म्हटल्यावर परत विचारणं... आमच्याकडे ते उद्धटपणाचं समजतात हो."

"आमच्याकडे लगेच हो म्हणणं," काका म्हणाले. "म्हणजे त्या खोलीत उद्धट कुणीच नव्हतं."

बाईंना रडू आवरेना. भिंतीशी बसलेल्या कंबरने चहाचा पेला खाली ठेवला. शेवटी बाईंनी काकांचा हात घट्ट धरला. "माझ्याकडून काही होण्यासारखं आहे का? काहीही. सांगा तुम्ही."

"हो," काका ताबडतोब म्हणाले. "जाताना तेवढी लझान्या परत घेऊन जा. आमच्याकडे कुणाला आवडत नाही."