वहिनी घोरत नाही

वहिनीनं पोटाची चरबी काढून घ्यायचं ठरवलं, आणि ते कोणाला कळू द्यायचं नाही हेही ठरवलं. मला कळलं ते डॉक्टरीणबाईंच्या एका अटीमुळे. ऑपरेशननंतर घरी न्यायला आणि पहिली रात्र उशाशी बसायला माणूस हवं, एकटीला सोडणार नाहीत.

"तू काही माणूस नाहीस, नणंद आहेस," वहिनी म्हणाली, "पण चालेल."

वहिनी मोटार चालवायला शिकवते. शिकाऊ मंडळींच्या शेजारी बसून बसून तिच्या पोटानं बेल्टच्या वर एक आणि खाली एक असे दोन मजले चढवलेत. माझा दादा जहाजावर इंजिन सांभाळतो. तो महिन्याभरात घरी येणार होता. त्याच्या आत तिला निदान एक मजला उतरवायचा होता.

"महिन्याभरात काही दिसायचं नाही," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "आधी सूज येईल. आजच्यापेक्षा पोट मोठंच वाटेल. आठवडेच्या आठवडे घट्ट पट्टा घालावा लागेल. खरा आकार कळायला काही महिने जातात. वजन फारसं उतरत नाही, आणि कातडी सैल असेल तर ती लोंबते."

"मग जातं काय?" मी विचारलं.

"चरबी. थोडी."

बाई काही विकायला बसल्यासारख्या बोलत नव्हत्या, म्हणून वहिनीचा त्यांच्यावर चटकन विश्वास बसला. पट्ट्याचं कारण दादाला काय सांगायचं, तेही तिनं तिथल्या तिथे ठरवलं. जिन्यावरून पडले.

ऑपरेशनच्या दिवशी वहिनी उपाशीपोटी, मागून उघडा झगा घालून खाटेवर बसली होती. पोटावर जांभळ्या पेनानं गोल काढलेले. ते उभं करूनच काढतात. आडवं झालं की पोट लबाडी करतं. तेवढ्यात भूल देणारे डॉक्टर आले. काटकुळे, घाई नसलेले.

"औषधं कुठली चालू? सिगारेट? आधी कधी भूल घेतली होती?"

वहिनी परीक्षेत पहिली आल्यासारखी उत्तरं देत होती.

"रात्री घोरता?"

"छे हो!"

हा प्रश्न त्यांनी तिला आधीच्या भेटीतही विचारला होता आणि उत्तर हेच मिळालं होतं. पोट दाखवायला तिला लाज नव्हती, पण घोरणं म्हणजे अब्रूचा प्रश्न. डॉक्टरांनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं. वहिनीनंही पाहिलं. शिकाऊ माणूस ब्रेकऐवजी भलतीकडे पाय नेतो तेव्हा ती असं पाहते.

दादा नसला की मी तिच्याच खोलीत झोपते.

"घोरते," मी म्हणाले. "घोरण्याचं काही नाही हो, ती घोरायची थांबते त्याचं काय? श्वासच बंद. मी उठून बसते. मग धक्का मारलेल्या गाडीसारखी एकदम सुरू होते."

"रोज?"

"रोज. रात्रीतून कितीतरी वेळा."

डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं. "मग आज नाही. अशा माणसाचा श्वास भुलीत आणि नंतरच्या औषधांनी आणखी अडू शकतो. आधी झोपेची तपासणी. त्यावर उपचार. मग पोटाचं बघू."

"हिला काय कळतंय? डॉक्टर आहे का ही?" वहिनी भडकली.

"नाही. पण त्या जाग्या होत्या."

वहिनीनं भराभर कपडे बदलले. गाडीत बसल्यावर म्हणाली, "बसा, वन्सं." एरवी मी चिमी असते. वन्सं म्हणाली म्हणजे प्रकरण गंभीर. तिसऱ्या सिग्नलला तिनं विचारलं,

"मोठ्यानं घोरते?"

"हो."

"यांना माहीत आहे?"

"वहिनी, त्याचा जन्म इंजिनाशेजारी गेलाय. तुझा आवाज बंद पडला की तो घाबरतो. मागच्या सुट्टीत मला म्हणालासुद्धा, तुझ्याकडे लक्ष ठेव म्हणून."

"मला नाही बोलले कधी."

"तुला कोण बोलणार?"

तिनं गाडी कडेला घेतली, इंडिकेटर वगैरे नीट देऊन. डॉक्टरांनी दिलेला तपासणी केंद्राचा नंबर लावला. तारीख घेतली, एक रात्र तिथे झोपावं लागेल हे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सोबत माणूस लागतं का?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. तिनं फोन ठेवला.

"नाही लागत म्हणाले," ती गाडी सुरू करत म्हणाली. "तरी ये."