हिरव्या बटणामागचा दुसरा रिले

चौतीस वर्षं लोखंड कापतोय आणि माझी दहाही बोटं शाबूत आहेत. आमच्या धंद्यात एवढं सांगितलं की वेगळी ओळख द्यावी लागत नाही, तरी सांगतो. मी बद्रुद्दीन मिस्त्री. अमडापूरला रस्त्याला लागूनच आमचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेटच्या जाळीतला गोल मी गॅस कटरने नुसत्या हातावर कापायचो आणि परकार घेऊन तपासायला आलेले मुकाट परत जायचे. त्यामुळे माझा मुलगा जुनेद जेव्हा म्हणाला, 'अब्बा, आता मशीनच कापेल,' तेव्हा मी पेढे वाटले नाहीत.

त्याने सहा महिने खपून टेबल उभं केलं. वर प्लाझ्मा कटरची, म्हणजे विजेच्या ज्वाळेने लोखंड कापणारी टॉर्च, तिला इकडेतिकडे फिरवणाऱ्या मोटारी आणि कॉम्प्युटरचं ऐकणारा एक बोर्ड. टॉर्च हातात असते तेव्हा आपण तिचा खटका दाबतो. इथे दाबायला हात नाही. म्हणून बोर्डाने रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, ओढायचा आणि रिलेने खटक्याच्या दोन वायरी जोडायच्या, एवढंच काम. जुनेदने ते मोबाइलवर बघून केलं. वीज चालू केली आणि कुणी काही न सांगता टॉर्च क्षणभर भडकली. बंद करून पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. बोर्ड जागा होताना रिलेला जणू उचकी लागायची.

"सेकंदभराचंच तं हाये, अब्बा," जुनेद म्हणाला.

"पोळायले किती वेळ लागते बे?" मी म्हणालो. मग त्याने धम्मशीलाबाईंना फोन लावला.

या बाई पंचक्रोशीतल्या विहिरींवरचे स्टार्टर दुरुस्त करतात. मोटार बंद पडली की लोक आधी त्यांना सांगतात, मग घरी. पण विहिरीचा स्टार्टर कुठे आणि कॉम्प्युटर कुठे? मी ते त्यांच्या तोंडावर बोलूनही दाखवलं. बाई फक्त हसल्या. त्यांच्याबरोबर हत्यारांची पेटी घेऊन त्यांचा भाऊ नागसेन आला होता. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. मी काही विचारलं नाही. आमच्याकडे असे हात बरेच दिसतात.

बाईंनी कॉम्प्युटरकडे पाहिलंही नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "चाचा, दिवसातून लाइट किती डाव जाते?"

"मोजते कोण? जाते अन् येते."

"जाते त्याचं काही नाई. येते तवा कोण कुठं उभं असते?"

हा प्रश्न मला चौतीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. मी उगाच खोकलो.

मग त्या कामाला बसल्या, आणि मी नावं ठेवायला उभा होतो तो बघतच राहिलो. जुनेदने बारीक वायरी टॉर्चच्या जाड केबललाच बांधल्या होत्या. त्या सोडवून बाईंनी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने नेल्या, कारण टॉर्च पेटताना जो गोंधळ उडतो त्याने बोर्ड बावचळतो म्हणे. प्रत्येक वायरीच्या टोकाला आकडा चिकटवला. नागसेन वायर धरायचा आणि त्या मीटर लावायच्या, दोघांत एक शब्द नाही. जोडलेली प्रत्येक वायर त्यांनी ओढून पाहिली. मी माझं वेल्डिंग हातोडा मारून बघतो, अगदी तसंच. कारागीर कारागिराला ओळखतो, आणि मला मनापासून बरं वाटलं.

शेवटी त्यांनी पत्र्याचा एक डबा काढून टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसवला. त्यावर एक हिरवं बटण आणि एक दिवा होता. लाइट गेली की डब्यातली जोडणी सुटणार, आणि आल्यावर माणसाने येऊन हिरवं बटण दाबल्याशिवाय टॉर्च पेटणार नाही, बोर्डाला कितीही उचक्या लागोत.

इथे माझं डोकं फिरलं. आमच्याकडे विहिरीवर लोक ऑटो बसवतात, लाइट आली की मोटार आपोआप सुरू. ऑटो नसेल तिथे हिरव्या बटणात आगकाडी खुपसतात, म्हणजे ते दबलेलंच राहतं. आणि ही बाई उलटं काम करत होती.

"दर डाव टेबलाले चक्कर मारून बटण दाबत बसू का?"

"हाव. दाबा."

"त्यापेक्षा बोर्डच बदलून टाकतो," जुनेद म्हणाला.

"बदल ना. उद्या तिसरा आणशीन. हात तं तेच राह्यतीन."

मी डब्यात डोकावलो. आत दोन रिले होते. "एका बटणाले दोन रिले काऊन? एकानं भागत नाही?"

"एक मशीनसाठी हाये," बाई झाकण लावत म्हणाल्या. "अन् एक मिस्त्रीसाठी."

नागसेन दाराबाहेर बघायला लागला. बाई माझी थट्टा करतायत असं मला वाटलं आणि मी चहा सांगायला निघून गेलो. परत आलो तर त्या मेन स्विच पुन्हा पुन्हा बंद-चालू करत होत्या. वीस वेळा केलं. टॉर्च एकदाही पेटली नाही.

पुढे महिनाभर मशीन असं चाललं की मी माझ्या गोलांचा विषय काढणं बंद केलं. मग तो मंगळवार आला. जुनेद चिखलीला पत्रे आणायला गेला होता आणि दुपारपर्यंत लाइट तीनदा गेली. दर वेळी उठा, चक्कर मारा, बटण दाबा. चौथ्यांदा जाऊन आली तेव्हा मी बटण दाबलं आणि तसंच धरून फटीत आगकाडी खुपसली. दिवा लागला, मशीन कापू लागलं. बाईंच्या हुशारीवर आपण मात केली म्हणून मी खूशही झालो.

अर्ध्या तासाने लाइट पुन्हा गेली. कापलेला एक तुकडा टॉर्चच्या तोंडाखाली तिरका होऊन अडकला होता. लाइट नाहीच आहे तर काढून घेऊ म्हणून मी उजवा हात आत घातला.

वरचा पंखा फिरायला लागला. बोर्डाजवळ रिले वाजला, टक. तो आवाज मी महिनाभर ऐकला होता, त्याच्यामागून टॉर्च पेटते. तिचं तोंड माझ्या मनगटापासून चार बोटांवर होतं.

काही झालं नाही. टॉर्च गप्प होती. मी इतका घाबरलो होतो की हात मागे घ्यायचंही सुचेना. घेतला तेव्हा डब्याकडे पाहिलं. काडी जागच्या जागी, बटण आत दबलेलं, पण दिवा विझलेला.

मी बाईंना फोन लावला. काय झालं ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "काडी घातली होती?"

खोटं बोलायचं तोंडावर आलं होतं. "हाव," मी म्हणालो.

"तो दुसरा रिले तेच पाह्यते, चाचा. लाइट आल्यावर बटण एकदा मोकळं दिसलं पाह्यजे, तवाच दाबलेलं धरते. आधीपासून दबलेलं असलं, तं पहिल्याले ओढूच देत नाही."

"पण मी काडी घालीन, हे तुमाले कसं समजलं?"

मग त्या म्हणाल्या, "आमच्या कडबाकुट्टीच्या स्टार्टरले म्याच घातली होती. लाइट नव्हती, म्हणून नागसेन पात्यात अडकलेला कडबा काढून राह्यला होता. अन् लाइट आली."

फोन उजव्या हातात होता आणि पाचही बोटं त्याला घट्ट धरून होती.

"चाचा, काढली का काडी?"

"काढतो, ताई," मी म्हणालो.